अक्काताईचे खिळे

मलकापूरला बहिणीची वास्तुशांत आटोपून अक्काताई दुपारी कबनूरच्या रंगखान्यात परतली, तर फाटकाशीच केरबा पिशवी घेऊन उभा.

"कुठं निघालास रं?"

"घरी. मालकांनी अंगणात सगळ्यांदेखत काढलं. लाल कापडाचे तीन लॉट तीन रंगाचे झाले, म्हणत्यात तुझं तराजू चुकलं. म्यां सांगितलं हुतं, दुसऱ्या लॉटला रंग लई दाखवतंय. तर म्हणाले, कॉम्प्युटरपेक्षा तू शाणा व्हय?"

अक्काताईच्या मस्तकाची शीर तडतडली. रंग तोलताना केरबा श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

"हितनं हालू नको," म्हणून ती आत घुसली.

दोन हजार एक साल होतं. चाळिशीची ही बाई शाहूपुरीच्या क्लासात पोरासोरांत बसून कॉम्प्युटर शिकली होती. पोरं हसली की म्हणायची, "हसा, दात मोजून घेते." कापडाच्या वजनावरून रंग किती घालायचा, ते सांगणारं कॉम्प्युटरवरचं पान तिनंच बांधलेलं. रंगाचा शेकडा, म्हणजे शंभर किलो कापडाला किती किलो रंग, तो सगळ्यात वरच्या खणात, त्याखाली सोड्याचा, मग मिठाचा. दर लॉटची एक ओळ; पहिल्या ओळीतलं सूत्र खाली ओढलं की त्यातले खणही एकेक घर खाली सरकतात, म्हणून शेकड्याच्या खणाला तिनं डॉलरच्या चिन्हांचे दोन खिळे ठोकले होते. खणाच्या पत्त्यात एक अक्षराआधी, एक आकड्याआधी. मग सूत्र कुठंही न्या, बोट त्याच खणावर.

तिनं पान उघडलं. वरच्या खणात शेकडा नव्हताच. तिथं झोकात लिहिलेलं: ॥ श्री ॥

"मालक! हे कुणी घातलं?"

राजशेखर चहाचा कप घेऊन आला. याला तिनं चड्डीत बघितलेला.

"मी. वर देवाचं नाव न्हाय, असलं कसलं पान? आमच्या आज्ज्यापासनं पहिली ओळ देवाची."

"घाला की! पण शेकड्याला हुसकून त्याच्या घरात?"

"सगळ्यांना एकेक घर खाली लिवलं की. मग सगळीकडं कायतरी इंग्रजी चूक दाखवाय लागलं. मी सूत्र नव्यानं लिवलं, खाली ओढलं. आले आकडे."

"आणि खिळे?"

"ते डॉलर? आपण काय अमेरिकेला माल धाडतोय?"

"अहो, पहिल्या लॉटनं रंगाचा शेकडा धरला, दुसऱ्यानं सोड्याचा, तिसऱ्यानं मिठाचा! मिठाच्या हिशेबानं रंग ओतलासा तुम्ही! आणि काढलं कुणाला? केरबाला!"

राजशेखरनं स्क्रीनकडं बघितलं. पुन्हा बघितलं. कप खाली ठेवला.

"हळू बोल की, अक्का. उद्या बोलवून घेऊ त्याला. गपचूप."

"गपचूप? काढताना अख्खं अंगण गोळा केलतं न्हवं? तिथंच बोला."

"मी मालक हाय."

"म्हणूनच."

तो निघाला. मागं ती, कोंबडं हाकावं तशी. अंगणात ओलं कापड पिळणारे हात थांबले.

"केरबा," राजशेखर म्हणाला, "तराजू बरोबर हुतं तुझं."

"मग कुणाचं चुकलं?" अक्काताई मागून कडाडली.

"...माझं."

केरबानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "ऐकलं, मालक. पण सकाळी म्यां दोनदा सांगाय आलतो. तवा चोर म्हटल्यागत बघितलंसा. आता मन न्हाय."

"अरं केरबा!" अक्काताईनं हाक मारली. "माझ्यासाठी तरी!"

"तुमच्यावर राग न्हाय, अक्का." आणि तो फाटकाबाहेर पडला. वळून बघितलंसुद्धा नाही.

अक्काताई गेलेल्या पाठीकडं बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याचाच तिला जास्त संताप आला. पदरानं डोळे खसाखसा पुसून ती राजशेखरवर उलटली.

"बघता काय? चौथा लॉट भिजून पडलाय. धरा तराजू. मी आकडा सांगते. लई वाटला तर बोला, मी ऐकीन."