तुझी तक्रार कोण करतं?

पावसकर बाईंकडे सीव्ही दाखवायला गेलं की त्या कागदावरून एकदा नजर फिरवायच्या आणि तो टेबलावर पालथा घालायच्या. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "तुझी तक्रार कोण करतं?"

समोरचा गडबडायचाच. आपले गुण काय, हे सांगायची तयारी सगळ्यांनी केलेली असायची. तक्रारीची कोण करणार?

बाई आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. सीव्ही लिहून देणं हे काही त्यांचं काम नव्हतं. पण निवृत्तीनंतरही संध्याकाळी त्यांच्या पडवीत नोकरी शोधणारी दोन-तीन मुलं बसलेली असायचीच. त्यांचे यजमान, म्हणजे काका, बँकेतून निवृत्त झालेले. स्वतःसाठी चहा टाकायचे आणि तो आमच्यापैकी कोणाच्या तरी पुढ्यात यायचा. काका कपाकडे बघत पुन्हा आत जायचे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बीएस्सी होऊन वर्ष होत आलं होतं. वडील मुंबईला एका सोसायटीत वॉचमन. त्यांनी तिथेच माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती आणि मे महिन्यापर्यंत इकडे काही जमलं नाही तर मी बॅग उचलायची, असं ठरलं होतं. मला जायचं नव्हतं. वाडीतल्या घरात आई एकटी, आणि खरं सांगायचं तर माझा जीवही इथेच. एमआयडीसीत पंधरा-वीस ठिकाणी सीव्ही टाकून झाले होते. उत्तर एकाचंही नाही.

माझा सीव्ही मी मित्राकडून घेतला होता, त्याने त्याच्या मित्राकडून. फक्त नाव बदललं. बाई वाचायला लागल्या. "कष्टाळू, प्रामाणिक, ध्येयवादी. छंद वाचन, क्रिकेट आणि संगीत. अरे, काल आलेला मुलगाही हाच होता. तुमची सगळी बॅच एकाच आईने वाढवली काय?"

मग त्यांची नजर ईमेलवर गेली. तो मी अकरावीत काढला होता, 'कोकणचा राजा' या नावाने.

"राजा असून नोकरी मागत फिरतोस? हा आधी बदल, मेल्या."

कागद पालथा झाला आणि तो प्रश्न आला. मी म्हटलं, माझी तक्रार कोणीच करत नाही. "मग तू घरात राहतच नसशील," बाई म्हणाल्या. "लाव आईला फोन. आवाज मोठा कर."

आई बिचारी घाबरली. कॉलेजच्या बाई म्हटल्यावर तिला वाटलं, पोराने काही केलंच. "नाय हो बाई, पोर गुणाचं हाय माझं," ती म्हणाली.

"गुण मला नकोत. तक्रार सांगा."

तेवढ्यात पलीकडे खोकल्याचा आवाज आला. शेजारचे सोनूतात्या आमच्या अंगणात सुपारी कातरत बसलेले असणार. त्यांनी आईच्या हातून फोनच घेतला.

"तक्रार माझ्याकडं हाय! बाई, गणपतीत ह्या पोराने आमाला सुखानं जेवू दिलान नाय. सगळी वाडी ह्या घरात सातला आरतीला, त्या घरात साडेसातला. जरा उशीर झाला की हा दारात हुबा! आन् पयली आरती कुणाच्या घरात, यावरनं दरवर्षी काय भांडणां व्हायची! ह्याने ती सगळी मजाच घालवलीन!"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. "भांडणं कशी थांबवलीस?" मी सांगितलं, की आज ज्याच्याकडे पहिली आरती, तो उद्या शेवटी. मुंबईकर रात्रीच्या गाडीने परतणार असतील तर त्यांचं घर आधी, पण बदल्यात दुसऱ्या दिवशी भजनाची पेटी त्यांच्या भावकीने वाहायची. "आणि पाऊस आला तर? कोणी ऐकलंच नाही तर?" बाई विचारत राहिल्या, मी बोलत राहिलो. वर्षभरात कोणाशी इतकं बोललो नव्हतो.

"आता हेच लिही," त्या म्हणाल्या. "अगदी साधं. वाडीतल्या सगळ्या घरांच्या आरत्यांचं वेळापत्रक तीन वर्षं सांभाळलं, भांडण होऊ दिलं नाही."

"पण बाई, सीव्हीत गणपती?"

"कॉलेजात तीन वर्षं काय केलंस, हे मार्कलिस्ट सांगेल. तू कसा आहेस, ते तात्यांनी सांगितलं. स्तुती करायला डोळे मिटले तरी चालतात रे. तक्रार करणारा माणूस बघून बोलतो."

ही त्यांची कायमची युक्ती होती. मिरकरवाड्याच्या रुबिनाची घरची तक्रार होती, 'पोरगी उलट बोलते'. काय उलट बोललीस, असं बाईंनी खोदून विचारलं. निघालं असं की वडिलांची मासळी कमी तोलणाऱ्या व्यापाऱ्याला तिने सगळ्यांदेखत पुन्हा तोलायला लावलं होतं. तेही सीव्हीत गेलं. मात्र एक अट असायची. "ज्या ओळीवर पाच मिनिटं बोलता येत नाही, ती ओळ तुझी नाही. काढून टाक." माझा सीव्ही दोन पानांवरून पाऊण पानावर आला. वाचन गेलं, संगीत गेलं, ध्येयवाद तर पहिल्याच फटक्यात गेला.

एप्रिलमध्ये मासळी गोठवून बाहेर पाठवणाऱ्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. माल रवाना करायच्या खात्यात जागा होती. साहेबांनी डिग्रीकडे बघितलंही नाही. बोट आरतीच्या ओळीवर. "दोन ट्रकवाले एकदम दारात आले आणि दोघांनाही आधी निघायचंय. काय करशील?"

"काल जो आधी सुटला, तो आज मागे," मी म्हणालो. "आणि ते आज सकाळीच दोघांना सांगून ठेवायचं."

साहेब हसले. मुंबईची बॅग भरलीच नाही. आई म्हणाली, "आता पाटंचं उठून डबा करायला लागनार," आणि डोळ्यांना पदर लावला.

गेल्या वर्षी बाई मुलीकडे नाशिकला कायमच्या जायला निघाल्या. निरोप घ्यायला गेलो, तर त्यांनी चोरट्यासारखा एक कागद पुढे केला. तिथल्या एका शाळेत जमलं तर शिकवायचं होतं. बाईंचा सीव्ही! मी वाचला. अनुभवी, कष्टाळू, मनमिळाऊ. छंद वाचन आणि संगीत.

मी कागद टेबलावर पालथा घातला. "बाई, तुमची तक्रार कोण करतं?"

त्या लाजल्या, अगदी माझ्यासारख्या. उत्तर आतून आलं. "मी करतो!" काका हातात कप घेऊन दारात उभे होते. "पस्तीस वर्षांत एक चहा गरम प्यायला मिळालेला नाही. बसलो की कोणाचं तरी पोर दारात हजर, आणि ही बसते त्याच्याशी बोलत!"

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. फक्त चहा वगळला.

परवा काकांचा फोन आला. आवाज चढलेला होता. "अरे, तू काय लिहून दिलंस त्या शाळेला? इथेही पोरं यायला लागली. आत्ताही दोघं बसलीत. माझा कप त्यांच्याच पुढ्यात आहे!"

मागून बाई कोणाला तरी विचारत होत्या, "तुझी तक्रार कोण करतं?" मी काकांना म्हटलं, जरा वेळ फोन तसाच राहू द्या.