सुंदरबाईच्या कवळीची आंघोळ

शिंदखेड्याजवळच्या त्या गावात भावकीच्या कानबाईचं गाणं उचलायचं ते सुंदरबाईनेच. श्रावणात देवी चौरंगावर बसली, रोटांचा नैवेद्य झाला, की सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे बघत. पण गेल्या वर्षी त्या तोंडात दात नावालाही उरले नव्हते. ‘सोन्याचं सिंहासन’ म्हणायला गेली आणि ‘होन्याचं हिंहाहन’ बाहेर आलं. पोरी पदरात तोंड खुपसून हसल्या. धाकटी जाऊ कमलबाई टपलेलीच होती. म्हणाली, "अक्का, आता तुम्ही टाळ्या वाजवा, मी उचलते."

कमलबाईचा गळा म्हणजे तेल न दिलेला रहाट.

सुंदरबाईच्या जिवाला ते फार लागलं. दागदागिन्यांत तिचं मन कधी नव्हतं. देवीपुढे गळा मोकळा करायचा, एवढंच तिचं देणं-घेणं. शेवटी उन्हाळ्यात झुलालआबांनी बायकोला धुळ्याला नेलं आणि कवळी बसवून आणली.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "जेवलात की काढायची, मऊ ब्रशने धुवायची. तोंडात नसेल तेव्हा गार पाण्यात ठेवायची. उकळतं पाणी नको, राखेने घासायची नाही. हिरड्याही रोज पुसायच्या."

डॉक्टर राख म्हणाले, मिश्री म्हणाले नाहीत. घोटाळा झाला तो तिथेच.

लग्न होऊन आल्यापासून सकाळी ओट्यावर बसून भाजल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना चोळल्याशिवाय सुंदरबाईचा दिवस उजाडत नसे. आता दातच हातात आले, तर मिश्रीही हातातल्या दातांना! डाव्या तळव्यावर कवळी, उजव्या बोटावर मिश्री, आणि बाई बसली घासत. पण दातांना कितीही चोळा, डोक्याला काही तरतरी येईना. मग तिने तोड काढली. थोडी दातांना, थोडी हिरड्यांना. कुणाचा रुसवा नको.

श्रावण तोंडावर आला तेव्हा कवळी काळवंडली होती, हिरड्या टरारून सुजल्या होत्या. सून लताबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "आत्याबाई, रागावू नका, पण तुम्ही जांभई दिली की म्हैस दावं ओढते."

पुन्हा धुळे. डॉक्टरांनी कवळी उजेडात धरली.

"बाई, कशाने घासता?"

"मिश्रीने. रोज घासते हो, एक दिवस चुकवत नाही."

डॉक्टर आबांकडे बघू लागले. आबा छताच्या पंख्याकडे.

"दात मी दुसरे करून देईन," डॉक्टर म्हणाले, "हिरड्या कुठून आणू? सूज उतरेपर्यंत कवळी तोंडात घालायची नाही. मिश्री सोडली तर लवकर उतरेल."

"कानबाईपर्यंत?"

"सोडली तर."

घरी आल्यावर तिने देवापुढे हात जोडले आणि मिश्रीची डबी उकिरड्यावर भिरकावली. मग घराची जी दशा झाली ती विचारू नका. डोकं ठणके, कोंबडीवरही खेकसे. आबा दुपारची भाकर शेतातच मागवू लागले. पण ओल्या फडक्याने हिरड्या पुसणं तिने सोडलं नाही. कवळी निसटून फुटू नये म्हणून खाली पाण्याची परात ठेवायची आणि मऊ ब्रशने एकेक फट धुवायची. बाळाला न्हाऊ घालावं तशी.

कानबाईच्या दिवशी संध्याकाळी दात चकचकीत होऊन तोंडात बसले. चौरंगापुढे बाया जमल्या. कमलबाईने वाकून बघितलं.

"अक्का, या दात कोना शेतस व?"

"मना शेतस, माझेच. दुसरा कोना?"

"तसं नाही, पण जेवणखाणातले ते. उष्टे दात घेऊन देवीपुढे बसावं का माणसाने?"

सोवळं-ओवळं सुंदरबाईही मनापासून पाळायची. मग शांतपणे म्हणाली, "कमल, माझे दात आज आंघोळ करून आलेत. तुझ्या दातांना जन्मल्यापासून एकदा तरी बाहेर काढून आंघोळ घातलीस का तू?"

हसता हसता बायांच्या हातातले टाळ खणखणले. त्याच गलक्यात सुंदरबाईने गाणं उचललं. ‘सोन्याचं सिंहासन’ लख्ख उमटलं. पण सूज उतरून हिरड्या आटल्या होत्या, कवळी ढिली झाली होती. दुसऱ्या कडव्यात लांब सूर लावला आणि वरचे दात थेट ओंजळीत! तिने चटकन पदर तोंडावर घेतला, आणि दात बसवायच्या धडपडीत खांदे थरथरायला लागले.

"अंगात आली! माय अंगात आली!" म्हणत बायांमधली पुष्पाबाई कुंकवाचा करंडा घेऊन धावली. दोघी-तिघी पायांवर पडल्या. सगळ्यांत पुढे कमलबाई.

सुंदरबाई घाबरलीच. देवीच्या नावावर फुकटचा मान घ्यायचा? तिने पदराआड दात बसवले आणि म्हणाली, "उठा गं! अंगात काही आलं नाही. तोंडातलं बाहेर आलं."

कमलबाई उठली, बोटांना लागलेलं कुंकू पदराला पुसलं, आणि रिकामी जागा सापडल्यासारखं तिसरं कडवं स्वतःच उचललं. सुंदरबाई मोरीकडे गेली. दात धुतले, चूळ भरली, कवळी अंगठ्याने घट्ट दाबली. परत येईपर्यंत कमलबाईचा रहाट करकरतच होता. ती आपल्या जागेवर बसली आणि चौथं कडवं, सूर जरा आखूड धरून, तिनेच घेतलं.