शिरीष आणि सीनाची शर्यत

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याजवळ नव्हते. अंघोळ करून, कपडे बदलून परत जावं म्हणून हॉस्पिसमधून, म्हणजे शेवटच्या दुखण्यातल्या माणसांना ठेवतात तिथून, घरी आले होते. नर्सने मला कळेल अशा बेताने हळूहळू डचमध्ये सांगितलं, की ते शांतपणे गेले. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि केलेला चहा गाळून प्यायले. हे ऐकून लोक विषय बदलतात. पण नवरा गेला म्हणून रडायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं, आणि तेवढंही माझ्यात उरलं नव्हतं. आता दीड महिना होत आला. शीण अजून गेलेला नाही... उलट हातात काही काम नसलं की जास्तच दमायला होतं.

पुण्याहून त्याच्या आयटीच्या नोकरीसाठी आम्ही इथे नेदरलँड्समध्ये आलो, थोड्या वर्षांसाठी म्हणून, आणि कापेल नावाच्या या गावातच मुरलो. शिरीष मूळचा सोलापूरचा. कॉलेजात शंभर मीटर पळायचा, एवढ्याच भांडवलावर तो इथल्या क्लबात दर शनिवारी मुलांना पळायला शिकवी. पाऊस असो, वारा असो, साहेब मैदानावर. घरातला बल्ब बदलायला मात्र त्याला सवड नसे. या वर्षी नेदरलँड्समध्ये अनेक खेळांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. लहान लहान देशांच्या खेळाडूंना आधी येऊन सराव करता यावा, म्हणून क्लब त्यांच्यासाठी घरं शोधत होता. शिरीषने मला न विचारता हो म्हणून टाकलं.

देश कुठला ते सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही नकाशा घेऊन शोधत बसाल. प्रशांत महासागरातली काही बेटं, एवढं पुरे. त्यांचं अख्खं पथक आमच्या माडीवरच्या खोलीत आणि खालच्या सोफ्यावर मावलं. शंभर मीटर पळणारी सीना, आणि तिच्या शाळेचे मास्तर. पथकप्रमुख, प्रशिक्षक आणि झेंड्याला इस्त्री करणारा माणूस, सगळं ते एकटेच. विमानतळावरच शिरीषने सीनाला ऐकवलं, की तुझ्या नावाची नदी आमच्या सोलापूरकडे आहे. तिला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. तिच्या बेटावर पळायचं मैदान नव्हतं. विमान येणार नसलं की ती विमानाच्या पट्टीवर सराव करायची. शिरीषला हे इतकं आवडलं, की येईल-जाईल त्याला सांगायचा, "धावपट्टी हा शब्द फक्त हिच्या देशात खरा आहे!"

पण ती दोघं यायच्या जरा आधीच त्याच्या पोटातल्या दुखण्याचं नाव कळलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. भारतात जाऊन यायचं असेल तर आत्ताच जा, म्हणाले. सोलापूरला सासूबाई एकट्या, गुडघ्यांनी जखडलेल्या, त्यांना इकडे आणणं शक्य नव्हतं. मी त्याच दिवशी तिकिटं बघायला बसले.

"पोरीची शर्यत होऊ दे, मग जाऊ," शिरीष म्हणाला.

"तिकडे आई डोळे लावून बसल्यात, शिरीष. ही मुलगी तुझी कोण?"

"आईला सांगितलंय मी. ती म्हणाली, चालेल."

"त्या चालेलच म्हणणार. तुला नाही कळत?"

त्याला कळत होतं. म्हणूनच त्याने पुढे होऊन माझा लॅपटॉप मिटला. नायमेखनच्या विद्यापीठात शिकणारी आमची मुलगी मुक्ता तेव्हा घरी आली होती. मी मराठीत बोलायचं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीत. "माम, लाट हेम," ती म्हणाली, राहू दे त्याला. मी राहू दिलं. पण मनातून धुमसत होते, आणि धुमसतच पथकासाठी पातेलंभर भात टाकत होते.

सीनाच्या पायांत जोर होता, पण सुरुवातीच्या रेषेवर तिला धीर धरवत नसे. इशारा व्हायच्या आतच ती सुटायची. शिरीष मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, पांघरूण घेऊन बसायचा आणि आपल्या पोरांच्या खेळातलं "एक, दोन, साडेमाडे तीन" ओरडायचा. साडेमाडे हवं तेवढं लांबवायचा, आणि तीन कानावर येईपर्यंत सीनाने बोटही हलवायचं नाही. काही दिवसांत ती पुतळ्यासारखी थांबू लागली. मास्तरही "साडीमाडी" म्हणायला लागले. शिरीष घरी येऊन आडवा व्हायचा तो संध्याकाळीच उठायचा, पण चेहरा खुललेला असायचा.

शर्यतीच्या दिवशी त्याला व्हीलचेअरवरून नेलं. इतक्या मोठ्या स्टेडियममध्ये सीना एवढीशी दिसत होती. सगळ्या जणी वाकल्या, सगळीकडे शांतता पसरली... आणि त्या शांततेत सीना सुटली. पिस्तूल वाजायच्या आधीच. लाल कार्ड दाखवून तिला बाहेर काढलं. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेली पोर चार पावलं टाकून परत फिरली. मास्तर झेंड्याची घडी घालत राहिले, पुन्हा मोडून पुन्हा घालत राहिले. "माझं चुकलं," शिरीष म्हणाला. "मी सारखा बडबडत राहिलो. गप्प बसून थांबायची सवय लावलीच नाही मी तिला." मला राग आला होता. सीनाचा, त्याचा, पिस्तूलवाल्याचा. जी शर्यत झालीच नाही तिच्यासाठी आम्ही सोलापूरला जाणं सोडलं होतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीष म्हणाला, क्लबवर चला. सीनाला यायचं नव्हतं. मास्तरांनी कसंबसं तिला उठवलं. शिरीषच्या आवाजात दम उरला नव्हता, म्हणून तो मास्तरांबरोबर शेवटच्या रेषेपाशी थांबला आणि सुरुवातीच्या रेषेवर मला उभं केलं. मी आयुष्यात कुणाला पळवलेलं नाही. "एक... दोन... साडे... माडे..." म्हटलं आणि थांबले. मुद्दाम थांबले, खोटं कशाला बोलू. माझ्या कितीतरी दिवसांच्या रागाने थांबले. वारा सुटला होता, तिच्या मानेवरचे केस उडत होते, पण ती हलली नाही. मीच थकून "तीन" म्हटलं. मला फक्त तिची पाठ लांब जाताना दिसली. शिरीषने दोन्ही हात वर केले आणि त्याचं पांघरूण खाली पडलं, हे मला मास्तरांनी नंतर सांगितलं.

ती दोघं परत गेली, आणि काही दिवसांत शिरीष हॉस्पिसमध्ये गेला. घरी असताना दर रविवारी तो आईंना व्हिडिओ फोन करायचा, साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून. शर्यतीनंतर त्याला फारसं बोलवत नसे, नुसतं एकमेकांकडे बघणं व्हायचं. तो गेल्यावर मी फोन केले, पण प्रत्येक वेळी तिथे नातेवाईक जमलेले असत आणि रडण्यापलीकडे काही होत नसे. गेल्या रविवारी आई पहिल्यांदाच एकट्या होत्या. मी मोबाइल डब्याला टेकवला. माझ्या पोराला एकदा का नाही आणलंस, हे त्या आता विचारणार याची मी तयारी करून बसले होते.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "वैशाली, ती पोरगी गं... सारखं तिचंच सांगायचा. पळाली का ती शेवटी?"

"पळाली, आई."

"कितवी आली?"

"पहिली."

आईंनी चष्मा काढला. पदराने डोळे पुसले, चष्मा लावला.

"बरं केलं बघ त्यानं," म्हणाल्या, "थांबला ते."