राउटरच्या मागची एकच जागा

"वाच बाई, अन् मंग सांग." कुठलंही खोकं हातभर लांब धरून आमच्या शेजारचे काकाजी एवढंच म्हणायचे. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. एकदा त्यांनी माझ्याकडून मिक्सरचं अख्खं माहितीपत्रक इंग्रजीत वाचून घेतलं आणि शेवटी मान डोलावली, "बरोबर लिवलं त्यानं." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

काकाजी वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांची आई होती तेव्हा त्यांनी तिची गोंडी गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. ती एका हार्डडिस्कवर होती, दुसरीकडे कुठेच नाही. नातवंडांना गोंडी येत नव्हती. "मोबाइलवर तरी आयकतीन," काकाजी म्हणायचे. म्हणून त्यांना असा राउटर हवा होता, की डिस्क त्याला जोडली की घरातल्या सगळ्या फोनवर गाणी वाजतील. प्रिंटरही त्यालाच लावायचा होता. गल्लीतल्या पोरींचे फॉर्म त्यांच्याकडेच छापले जायचे, फुकट.

वर्ध्याच्या दुकानात ते मला घेऊन गेले. "प्रिंटर चालते, डिस्क चालते, डोळे मिटून न्या," दुकानदार म्हणाला. काकाजींनी खोकं माझ्यापुढे धरलं. "वाच बाई."

राउटरच्या मागे यूएसबीची एकच जागा होती. एका वेळी एकच वस्तू लागेल, असं खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलंही होतं. पण काउंटरपाशी चारपाच माणसं उभी होती, सगळी माझ्याकडे बघत होती. मी नुसती मान हलवली.

"पोरगी हो म्हणते. दे बांधून," काकाजी अभिमानाने म्हणाले.

घरी आल्यावर कळलं, तरी ते चिडले नाहीत. "काय होते बापा? एक काढू, दुसरं लावू." कोणी फॉर्म घेऊन आलं, की आईचं गाणं मध्येच थांबायचं. काकाजी डिस्कची वायर ओढायचे आणि प्रिंटरची खुपसायचे. चालू असताना ओढू नका, डिस्क बिघडेल, असं मी एकदा म्हणाले. बहुतेक फार हळू म्हणाले.

"आज फॉर्मची शेवटची तारीख हाये न वं त्या पोरीची," असं म्हणत त्यांनी वायर ओढलीच.

एका सकाळी डिस्क उघडेना. वर्ध्याचा दुरुस्तीवाला झाला, नागपूरचा झाला. एकही गाणं निघालं नाही. "मशीनच होय ते," काकाजी म्हणाले. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. मी दुकानातच सगळं वाचलं होतं, हे मीही त्यांना कधी सांगितलं नाही.

काही दिवसांनी ते आमच्याकडे आले. "मले आठवते तेवढं तुह्या फोनमधी भरून घे." डोळे मिटून गायला लागले. दोन ओळी झाल्या. तिसरी येईना. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच.

या उन्हाळ्यात काकाजी गेले. राउटरला आता कायमचा प्रिंटरच लागलेला आहे. माझ्या फोनमध्ये त्या दोन ओळी आहेत, मग पंख्याची घरघर, आणि मग त्यांचा आवाज:

"पुढचं सांग न बाई."