टॉवेलाखालचा भाव

कुरुंद्यात आमच्या गल्लीत फोन एकच होता, चाचांच्या किराणा दुकानात. सगळ्या गल्लीचा नंबर तोच. नोकरीचा अर्ज असो की सोयरिकीची बोलणी, चाचांचाच नंबर द्यायचा. चाचांनीही कधी कुणाला तोंड वाकडं केलं नाही. उलट गल्लीच्या खबरी आपल्या हातून जातात याचा त्यांना जरा तोराच होता.

त्यांची एक रीत होती. खबर चांगली असली की ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून ओरडत. 'पोरगा झाला', 'नोकरी लागली'. ज्याची खबर तो घरातून बाहेर येईपर्यंत शेजारी त्याच्या दारात हजर असत. वाईट खबर मात्र ते ओरडत नसत. दुकान तसंच सोडून स्वतः चालत येत, ओट्यावर बसत, पाणी मागत, समोरच्यालाही घोटभर प्यायला लावत आणि मगच बोलत. पूर्वी एकदा त्यांनी कुणाच्या मयताची खबर पायरीवरूनच सांगितली होती आणि गेलेल्याची बहीण रस्त्यात कोसळली होती, तेव्हापासूनची ही रीत. तिचा परिणाम असा झाला की चाचा नुसते पाय मोकळे करायला निघाले तरी बाया छातीवर हात ठेवून दारात उभ्या राहायच्या. ते पुढे गेले की हुश्श करायच्या. मला त्याचं भारी हसू यायचं.

त्या वर्षी मात्र चाचांच्या ओरडण्याकडे माझेच कान लागले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आमचा जिल्हा अजून परभणीच होता. मी विद्यापीठात एम.एस्सी.ला गेले होते, गणित घेऊन. बी.एस्सी.ला मार्क बरे पडले म्हणून सगळ्यांनी ढकललं आणि मीही गेले. पहिल्याच सत्रात सपशेल आपटले. त्याच आवारात, कडुलिंबाच्या रांगेपलीकडे, विद्यापीठाचं बिझनेस स्कूल होतं. तिथं काही जागा रिकाम्या राहिल्या होत्या आणि विद्यापीठातल्याच दुसऱ्या विभागातल्या मुलांना तिकडे बदली मिळणार होती. मी अर्ज केला, मुलाखत दिली आणि घरी आले. निकाल लागला की होस्टेलच्या खोलीतली मैत्रीण चाचांकडे फोन करणार होती. बदली मिळाली तर परत जायचं, नाही तर तिथली वळकटी आणून कायमचं घरी राहायचं, असं मी ठरवलं होतं आणि घरी सांगूनही टाकलं होतं. आई रडली. बाबा काहीच बोलले नाहीत. ते मुळातच कमी बोलणारे, पण हे न बोलणं मला वेगळं वाटलं. पोरीनं तोंडघशी पाडलं असंच त्यांना वाटत असणार, अशी माझी खात्री होती.

मुलाखतीत मला विचारलं होतं, व्यापाराचं तुला काय माहीत? मी टॉवेलाचं सांगितलं. तेव्हा मोंढ्याच्या बाजारात हळदीचा भाव तोंडानं ठरत नसे. अडत्या आणि व्यापारी टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत, आणि ज्याची हळद तो शेतकरी बाजूला उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघत राही. बाबांनी बघून बघून ती बोटांची भाषा शिकून घेतली होती. मी लहान असताना ते खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकत आणि खाली एकेक बोट दाबून आकडे शिकवत. शेवटी मी विचारायची, "बाबा, माझा भाव काय?" ते माझी पाचही बोटं मुठीत घट्ट धरत आणि म्हणत, "याच्या वर भाव न्हाई." मी मोठी झाले आणि तो खेळ बंद पडला. मुलाखतीत हे शेवटचं मी अर्थातच सांगितलं नाही.

गावाला माझ्या बदलीचा मोठा अचंबा. बदली व्हायची ती तलाठ्याची, मास्तरची. "शिकता शिकता बदली? काहून, काही केलं का पोरीनं?" असं एका आजीनं आईला विचारलं होतं. मी जळफळायची आणि काहीतरी निमित्त काढून चाचांच्या दुकानात जायची. आज काडेपेटी, उद्या काडेपेटी. घरात काडेपेट्यांचा ढीग साचला. रमजान चालू होता. चाचांचा घसा दुपारपर्यंत पार कोरडा पडायचा.

"बेटी," ते एकदा म्हणाले, "फोन आला की मी सांगनारच ना. रोज्यात तकलीफ काहून देऊन राहिली?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले नाही. शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं. कढईवर पाला आणि ओली पोती दाबून खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ. तो उग्र, मातकट वास केसांतून दोन दोन आंघोळींनी जात नसे. आज कुठं कढई लागलेली दिसली की मी उगाच थांबते. तेव्हा मात्र मला त्याचा मनस्वी वैताग होता. जन्मभर आता हेच हुंगायचं, असं म्हणत मी जाळ सारत होते.

आणि बांधावरून चाचा येताना दिसले.

गावापासून शेत चांगलं लांब. भर उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून ते एकटेच येत होते, सावकाश. आईच्या हातातलं फावडं तिथंच राहिलं. चाचा आले, आंब्याखाली बसले, डोळे मिटले आणि हात वर करून 'थांबा' अशी खूण केली. आई सवयीनं तांब्या घेऊन धावली आणि मग तिलाच रोजा आठवला. ती तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"न्हाई झालं वाटतं पोरीचं," ती हळूच म्हणाली.

मी मटकन खाली बसले. रडू आलं नाही. होस्टेलच्या खिडकीतून दिसणारी ती कडुलिंबाची रांग आठवली. संपलं सगळं, एवढंच मनात आलं.

बाबा कढईपाशी होते. ते उठले, माझ्याशेजारी येऊन बसले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी माझ्या हातावर टाकला, खालून हात घातला आणि माझी पाचही बोटं मुठीत धरली. घट्ट.

एवढ्यात चाचांचा श्वास जागेवर आला. त्यांनी डोळे उघडले आणि आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं.

"काय झालं तुमाला? तोंडं काहून अशी?" मग त्यांच्या लक्षात आलं असावं, ते हसायलाच लागले. "अहो, काम झालं पोरीचं. यादीत बराबर नाव हाय तिचं. सोमवारी बोलावलंय. पायरीवरून वरडलो असतो, पन इथवर आवाज येतो का? आन् असली खबर दुसऱ्याच्या तोंडानं कशाला धाडायची, म्हनून आलो. चालून चालून जीव गेला माझा, आन् तुमी सुतक धरून बसले."

आई एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. मीही. बाबांनी हात काढून घेतला, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि "जाळ कमी झाला" म्हणत कढईकडे गेले. संध्याकाळी आईनं चाचांच्या घरी रोजा सोडायला केळी पाठवली.

सोमवारी मी गेले. बिझनेस स्कूल झालं, नोकरी झाली. चाचा आता नाहीत, गल्लीत ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे. बाबाही गेले. त्या टॉवेलाबद्दल आम्ही पुढं कधी बोललो नाही. बदली मिळाल्याचा आनंद तेव्हा आभाळाएवढा होता, आज तो नीटसा आठवतही नाही. आठवते ती बाबांची मूठ. कारण ती मिटली तेव्हा बाबांच्या हिशेबी मी हरून कायमची घरी आले होते.