खेळाआधीचा आवाज
भंगाराच्या हातगाडीवर जुन्या कॅसेटी दिसल्या, की मला मूर्तिजापूरचं घर आठवतं. दरसाल कपाशी बुडत होती, त्या वर्षांतली गोष्ट. धाकटा भाऊ तापानं गेलेला, अन् मागे उरलेला त्याचा शाळेत असतानाचा जुना कॉम्प्युटर. हा कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्यात खेळ भरायचे. टेप बिघडला होता, म्हणून मी शहरात राजापेठेतल्या एका दुकानात सगळे खेळ नव्या मेमरी कार्डावर उतरवून घेतले, अन् कॅसेटी तिथंच भंगारात टाकल्या. घरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर दोन सेकंदांत त्याचा आवडता सापाचा खेळ पडद्यावर. मी ऐटीत आईकडे पाहिलं. ती टीव्हीजवळ सरकून कान देऊन बसली होती. "तो काहून बोलला नाई अजून?" तिनं विचारलं. मग माझ्या लक्षात आलं. कॅसेटवर खेळ सापडावा म्हणून भाऊ प्रत्येक खेळाआधी आपल्या आवाजात खेळाचं नाव भरून ठेवायचा, आणि ते बोलणं मीच फालतू म्हणून कापायला सांगितलं होतं. "त्या कॅसेटी कुठी हायेत मंग?" "दुकानात राहिल्या, आणतो," मी म्हणालो. आई जाईस्तोवर तिनं विचारलं की दर खेपेला तेच सांगितलं. आता हातगाडी दिसली की थांबतो, अन् एकेका कॅसेटवर भावाचं अक्षर शोधतो.