सनईचं कार्ड

नव्वदच्या दशकात आदिलाबादच्या एका लग्नात तो दिसला. बँडमधला कीबोर्डवाला, नाव विचारायचं राहिलं. त्याच्या जुन्या कीबोर्डात नव्या आवाजांचं कार्ड बसवून नागपूरचा विक्रेता हेलिकॉप्टर, समुद्र असं काय काय ऐकवत होता. वरातीत समुद्र कुणाला हवा होता, कोण जाणे. कीबोर्डवाल्याचं मात्र कार्ड घ्यावं की नाही, ठरत नव्हतं.

"सनई हाये का?" त्यानं विचारलं.

शेजारी बँडमधले एक म्हातारे सनईवाले बसले होते. दात गेल्यापासून त्यांची सनई बंद होती. विक्रेत्यानं सनईचा आवाज लावला, तसा त्यांच्याकडे बघतच कीबोर्डवाल्यानं सूर धरला. मला तो ठीकच वाटला. पण म्हाताऱ्याचे गाल फुगले, बोटं मांडीवर चालू लागली.

विक्रेता पुढचा आवाज लावायला सरसावला.

"राहू द्या भाऊ. काकाची बोटं चालून राह्यली. घेतलं कार्ड."

सूर थांबला तेव्हा म्हाताऱ्यानं दम घेतला. मीही.